द्राक्षबागेशेजारचा स्टुडिओ: ब्लोअर, अर्थिंग आणि पखवाजाची कणीक

शेतात स्टुडिओ म्हणजे आयती शांतता, असं धरून लोक नाशिकजवळच्या दिंडोरी-गिरणारे पट्ट्यात खोली बांधायला घेतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की ती शांतता संपते. ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरची घरघर नऊ इंची भिंतीतूनही आत येते. भिंतीला चिकटवलेला फोम तिथे कामाचा नाही. तो खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि फटी बुजाव्या लागतात. म्हणून पहिला खर्च दारावर करा: भरीव लाकूड, चौकटीला रबरपट्टी, खाली उंबरा. दाराखाली बोटभर फट राहिली तर भिंतींवरचा पैसा वाया गेला. आणि छप्पर स्लॅबचंच हवं, पत्र्याखाली पावसाळाभर काम होत नाही.

खोली 10 × 10 × 10 फूट बांधू नका. तिन्ही मापं सारखी असली की 56 हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर फुगतो. 12 × 15 आणि उंची 10 बरी. कोपऱ्यांत 4 इंच जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंची आवाज शोषणारी गादी) सुती कापडात शिवून उभं करा, मागे तेवढीच पोकळी ठेवा.

खरा जाच विजेचा. थ्री फेज आली की शिवारातल्या मोटरी ऑटो-स्टार्टरवर एकदम उठतात. त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तुमची लाइन असेल तर व्होल्टेज खाली बसतो, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) बंद पडतो आणि चालू रेकॉर्डिंग गेलं. कॉम्प्युटर आणि इंटरफेस ऑनलाइन यूपीएसवर ठेवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर नको, त्याची चिरचिर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. मुरमाड जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतत राहा. हम, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये विजेची सलग गुणगुण, येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. हम थांबला तर बहुतेक ग्राउंड लूप आहे, म्हणजे यंत्रं अर्थिंगला एकाहून जास्त वाटांनी जोडली गेली आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका, ते जिवावर बेततं.

गावाकडे सर्वांत जास्त काम भजनी मंडळांचं, आणि ते जपून करण्यासारखं आहे. मंडळ एकत्रच गातं, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं गाऊ लावलं की रंग जातो. टाळ मात्र सगळ्या माइकांत शिरतात. टाळकऱ्यांना गायकासमोर, म्हणजे कार्डिऑइड (समोरचं जास्त आणि पाठीकडचं कमी ऐकणाऱ्या) माइकच्या पाठीकडे, सहा-आठ फुटांवर बसवा. रेकॉर्डिंग 24 बिटवर करा, आणि लेव्हल उंच अभंगातही -10 डीबीच्या वर जाऊ देऊ नका. पखवाजाला दोन माइक, पुडीला (उजव्या तोंडाला) एक आणि धुमेला (डाव्या तोंडाला) एक. धुमेवरची कणीक पंख्याखाली लवकर सुकते, वजन घटतं आणि सूर चढतो. पंखा बंद ठेवा. मधल्या विश्रांतीत पखवाजवाल्यांना ओल्या बोटांनी कणीक मळून घेऊ द्या, लागली तर थोडी वाढवू द्या, आणि गायकाच्या षड्जाशी पुन्हा मिळवल्याशिवाय रेकॉर्डचं बटण दाबू नका.