बखर बाजूला ठेवा, आधी कागद बघा

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेवरून दरवर्षी फेब्रुवारीत वाद रंगतो. त्यात लोक पुस्तकांची नावं एकमेकांच्या तोंडावर फेकतात पण मूळ कागद काय म्हणतो हे फारसं कोणी बघत नाही, आणि मला हे खरंच लागतं, कारण अस्सल साधनं कशी वापरायची हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही.

आधी 1627 साल रूढ होतं. ते मुख्यतः नंतरच्या बखरींमुळे, म्हणजे महाराज गेल्यावर शंभर वर्षं उलटून गेल्यावर लिहिलेल्या मजकुरामुळे. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली मिळाली, ती टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे नुसती टिपणं, कुठल्या शकात कुठल्या तिथीला काय झालं एवढंच, वर्णन नाही की कौतुक नाही. त्यात जन्म फाल्गुन वद्य 3, शके 1551 असा आहे, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. पण पुरावा फक्त तेवढाच असता तर मीसुद्धा मानलं नसतं. परमानंदाचं शिवभारत, महाराजांच्या हयातीतलं संस्कृत काव्य, ज्याची पोथी पार तंजावरला सापडली, तेही हीच तिथी सांगतं, आणि राजस्थानातल्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात मिळालेली कुंडलीही तिकडेच बोट दाखवते. मावळातलं देशमुख घराणं, दरबारचा कवी, राजस्थानातला जोशी. यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असण्याची शक्यता जवळपास नाहीच, आणि सगळं वजन त्यात आहे. उलट पाच बखरी एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी असं होत नाही, कारण चार जणांनी पहिल्याचीच नक्कल मारलेली असू शकते.

आता तुम्हाला तुमच्या गावाचा किंवा घराण्याचा इतिहास शोधायचा असेल तर सुरुवात छापील साधनांपासून करा. इतिहासकार राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड आहेत, पहिला 1898 चा, सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचे, 45 खंड आहेत, बरेचसे स्कॅन होऊन नेटवर फुकट मिळतात आणि देवनागरीत आहेत त्यामुळे मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, येत नसली तरी अडत नाही. त्यानंतर पुण्यातलं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. दफ्तरात कागद रुमालात बांधलेले असतात, असे हजारो रुमाल आहेत, आणि तिथे मोडीला पर्याय नाही. मोडी शिका हो, वाटते तेवढी अवघड नाही. अक्षरं लवकर बसतात, खरा वेळ जातो तो शब्द कुठे तुटतो ते ओळखण्यात, कारण ओळ सलग लिहिलेली असते.

माझे सगळ्यात आवडते कागद म्हणजे महजर. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, तंटा गोतसभेत, म्हणजे गावच्या नि जातीच्या पंचांपुढे, मिटला की निवाडा लिहायचे आणि खाली साक्षी घालायचे, ज्याला लिहिता येत नाही तो निशाणी काढायचा. पाटलाचा छोटासा नांगर काढलेला पहिल्यांदा बघितला तेव्हा मी वाचायचं सोडून तेच बघत बसले. त्याच तंट्यातला करीना मात्र सांभाळून वाचायचा, तो एका पक्षाने आपली बाजू मांडायला लिहिलेला असतो आणि वतनासाठी लोकांनी बनावट कागदही भरपूर केलेत. रोजकीर्द (रोजचा हिशेब), ताळेबंद यांच्यावर माझा जास्त भरवसा, कारण तेल किती आलं आणि बैलांना दाणा किती लागला हे लिहिणाऱ्या कारकुनाला इतिहासात कोणाला मोठं करायचं नव्हतं.

तारखेपाशी बहुतेक जण अडतात. पत्रात साल अरबी संख्याशब्दांत, 'इहिदे सितैन मया व अलफ' असं असेल तर एकम, दशक, शतक, हजार या क्रमाने वाचायचं: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जूनच्या सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600, की इसवी सन मिळतो. पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला, म्हणजे याच सनात.

आणि उतारा घेताना रुमालाचा नंबर, कागद अस्सल आहे की नक्कल, शिक्का आहे का, हे तिथेच बसून वहीत लिहा, घरी आल्यावर फोटोवरून ते कळत नाही.