कास झालं, आता साताऱ्यात काय बघू?

गौरी-गणपती झाले की हा फोन ठरलेला. पुण्या-मुंबईचे भाचे, जुने विद्यार्थी, त्यांच्या ऑफिसातले मित्र. "सर, कासला फुलं आलीत का? आणि कास बघून अर्धा दिवस उरतोय, गावात बघण्यासारखं काय आहे?" फुलांचं फोनवर सांगता येतं. गावाचं सांगायला बसलं की समोरच्याचा टोलनाका येतो आणि फोन कट होतो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

कास पठारावरच्या फुलांचं आधी उरकतो. सप्टेंबर धरा, पुढंमागं पाऊस ठरवतो. आधी ऑनलाइन बुकिंग करा. तेरड्याचा गुलाबी, कवल्याचा पिवळा, गेंदाचा पांढरा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा हे सगळे रंग एकाच दिवशी मिळतील अशी आशा ठेवू नका, आठवड्या-आठवड्याला पठार बदलतं. वायतुरा दिसला तर थांबा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस'. जांभ्या कातळावर जेमतेम बोटभर माती असते, तिच्यावर हा सगळा संसार. फोटोसाठी तिथं फतकल मारणाऱ्यांना मी तरी माफ करत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं, त्याचा सातारकरांना अभिमान आहेच. पण आम्हाला कास त्याआधीपासून माहीत आहे ते तळ्यामुळं. तिथलं पाणी गावाच्या नळाला येतं.

आता गाव. यवतेश्वरचा घाट उतरलात की थेट हायवेला लागू नका. राजवाड्यापाशी गाडी लावा आणि चालत पोवई नाक्याला या. दोन रस्ते आहेत, वरचा आणि खालचा. पाट्यांवर राजपथ आणि कर्मवीर पथ असलं तरी रिक्षावाल्याला वरचा-खालचाच कळतो.

राजवाड्याचं बाहेरून दिसतं ते लाकूडकाम बघून लोक पुढं जातात. मला त्यातली शाळा जास्त मोठी वाटते. सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं. पुढं या वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं, तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथं इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरचा नंबर १९१४. छत्रपतींच्या वाड्यात सुभेदाराचा पोरगा शिकला, आणि तिथंही त्याला वेगळंच बसावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीआड घडल्या. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

साताऱ्याचा इतिहास म्हटलं की सगळे अजिंक्यताऱ्याकडं बोट दाखवतात. चुकीचं नाही, १७०८ मध्ये शिवरायांचे नातू शाहू यांचा राज्याभिषेक इथंच झाला आणि गडाखाली हे गाव वसलं. पण राजधानी गेल्यावर गाव उरलं कशावर, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पोरांवर. खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांवर.

ते बघायचं तर सकाळी आठच्या आधी एसटी स्टँडवर उभं राहा. मेढा, परळी, कोरेगाव, रहिमतपूर, एकेक गाडी लागते आणि पासवाली पोरंपोरी उतरतात. कुणाच्या हातात जर्नल, कुणाच्या पिशवीत डबा, चपलांना शेतातला चिखल. या दिवसांत घरी घेवडा-सोयाबीन काढणीला आलेलं असतं, त्यामुळं हजेरीपटावर बरीच नावं दोन दिवस गायब. मास्तरांना कारण माहीत असतं, विचारत नाहीत. निदान मी विचारत नव्हतो. वायसी, डीजी, शिवाजी ही इथली कॉलेजं, सगळीकडं चाचण्या आणि युवा महोत्सवाच्या तालमी एकदमच येतात. कॉट बेसिसवर राहणारी पोरं मेसच्या पातळ आमटीला नावं ठेवत दोनदा भात घेतात.

याचं मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांत आहे. १९१९ च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एकत्र राहणार, एका पंगतीत जेवणार. त्या काळात हे बोलणं सोपं होतं, करणं नव्हे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नाव छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस झालं. पोरांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' योजनेतून पोरं काम करून शिकू लागली. आजही कॉलेजच्या बागेत झारी घेतलेला पोरगा दिसला तर त्याला माळी समजू नका. दोन तासांनी तो फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला असतो.

कर्मवीरांची जयंती २२ सप्टेंबरला असते, म्हणजे ऐन फुलांत. कासला वाहनांची रांग लागलेली असते तेव्हा इकडं पोवई नाक्याजवळ, संस्थेच्या आवारात, त्यांच्या समाधीवर फुलं वाहायला गर्दी होते. समाधीच्या रांगेत उभे राहिलात तर अर्धा दिवस सत्कारणी लागला.

गडावर जायचंच असेल तर पहाटे जा. धुक्यातून भरतीची पोरं घामाघूम पळत वर येतात. कुणी पोलिसात, कुणी मिलिटरीत जायला निघालेला. त्यांना वाट द्या, सेल्फीसाठी थांबवू नका, त्यांचा टायमिंगचा हिशोब बिघडतो.

पेढे मोती चौकात घ्या, निघताना. राहायला खोली बघून द्या म्हणून मात्र मला सांगू नका, सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी ती मलाही मिळत नाही. मंगळवारी या. कासला गर्दी कमी असेल आणि कॉलेज चालू असेल.