तुम्ही विचारलंत म्हणून: फॉयनेव्हनचं एवढं कौतुक कशाला?

रेसचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "त्या फॉयनेव्हनचं तुम्हाला एवढं काय? तो तर आयत्या बिळावर नागोबा!" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा फक्त ती घोड्यांच्या ढिगाऱ्याची क्लिप पाहिलेली असते. म्हणून १९६७ साली इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत जिंकलेल्या या फॉयनेव्हन घोड्याची गोष्ट एकदाच सविस्तर सांगते.

८ एप्रिल १९६७. लिव्हरपूलजवळच्या एनट्रीला ग्रँड नॅशनल. आपल्या महालक्ष्मीसारखी सपाट धाव नव्हे. साडेचार मैलांच्या आसपास अंतर आणि वाटेत ३० अडथळे. ४४ घोडे सुटले. फॉयनेव्हनचा भाव एकाला शंभर, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कुणालाच वाटत नव्हतं. मालक एनट्रीला फिरकलेच नाहीत. ट्रेनर जॉन केम्प्टन त्या दिवशी वुस्टरला दुसऱ्याच घोड्यावर स्वार होता. जॉकी जॉन बकिंगहॅमची ही पहिलीच नॅशनल. (तबेल्यात घोड्याला सोबत म्हणून सूझी नावाची शेळी असायची. तिचा भाव कुणी विचारला नव्हता.)

बेचर्स ब्रूक हा बदनाम अडथळा सगळ्यांनी दुसऱ्यांदा पार केला. पुढचा, २३ वा, जेमतेम साडेचार फुटांचा. पहिल्याच अडथळ्याला जॉकी गमावलेला पोफम डाउन मोकळाच पुढे पळत होता. तो इथे उडी न मारता एकदम आडवा वळला आणि कुंपणाला समांतर धावत सुटला. मागून येणारे त्याच्यावर आदळले, अडले, उलटे फिरले. जॉकी कुंपणापलीकडे, घोडे अलीकडे. फॉयनेव्हन बराच मागे होता, हे खरं. पण मागे काही तो एकटाच नव्हता. बकिंगहॅमने गर्दीतली फट हेरली, घोडा तिकडे वळवला आणि एका दमात पलीकडे गेला. उडी मारायला नाखूश घोडे समोर वळवळत असताना आपला घोडा न बिचकणं, याला मी नशीब म्हणत नाही.

क्लिप इथे संपते, रेस संपत नाही. लगेच कॅनाल टर्न, म्हणजे उडी मारली की काटकोनात वळण. तो धरून अजून सात अडथळे बाकी. मागे फेवरिट, म्हणजे ज्याच्या जिंकण्यावर सर्वांत जास्त भरवसा होता तो हनी एंड. त्याचा जॉकी जॉश गिफर्डने त्याला पुन्हा वळवून कुंपणावरून नेलं आणि जीव तोडून पाठलाग केला. तरी फॉयनेव्हन १५ लेंथ (एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी) पुढे राहून जिंकला. तिसरा आलेला रेड ॲलिगेटर पुढच्याच वर्षी नॅशनल जिंकला, तेव्हा मागचे काही खटारे नव्हते. एकूण १८ घोडे शेवटपर्यंत पोचले. टोटने, म्हणजे रेसकोर्सवरच्या सामाईक बेटिंगने, एकाला ४४४ दिले.

नशीब होतंच, पण फार तर २३ व्या अडथळ्यापुरतं. १९८४ मध्ये त्या अडथळ्याला फॉयनेव्हनचंच नाव दिलं. ते पोफम डाउनचं हवं होतं असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.