अंतरपाट आणि दोन कॅमेऱ्यांचा उजेड

वडोदऱ्यात मराठी लग्नांचे फोटो काढताना मला सगळ्यात अवघड वाटतो तो अंतरपाटाचा क्षण. अर्धी चौकट पांढऱ्या कापडाने भरलेली आणि कडेला मुंडावळ्यांखालचा सावळा चेहरा. दांडिया बाजारातल्या त्या लग्नात माझा धाकटा सहकारी वेगळ्या कंपनीचा कॅमेरा घेऊन आला होता, म्हणून मुहूर्ताआधी गुरुजींकडून अंतरपाट मागून घेतला. नवरीच्या बहिणीला त्याच्याजवळ उभं केलं आणि दोघांनी शेजारी उभं राहून तोच फोटो काढला. त्याच्या स्क्रीनवर चेहरा उजळ, पण कापडाची वीण पार गेलेली. माझ्या स्क्रीनवर कापड राखाडी आणि चेहरा काळवंडलेला.

"दादा, बरोबर कोणाचा?"

दोघांचाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. समोर पांढरं कापड आहे की पांढरी भिंत, हे त्याला कळत नाही. चौकटीचे भाग पाडून कोणत्या भागाला किती महत्त्व द्यायचं, हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं ठरवते. निकॉनच्या एफए कॅमेऱ्यात 1983 साली असे पाच भाग होते; आता हजारो असतात. त्याच्या कॅमेऱ्याने फोकस धरलेल्या चेहऱ्याला झुकतं माप दिलं, माझ्याने सगळी चौकट विचारात घेतली.

"मग दोघंही मॅन्युअलवर जाऊ, म्हणजे सेटिंग हाताने लावू, आकडे सारखे ठेवू," तो म्हणाला. शटर 1/200 सेकंद, लेन्सच्या भोकाचा आकडा एफ 2.8, उजेडाच्या संवेदनशीलतेचा आकडा आयएसओ 1600. तरीही त्याचा फोटो साधारण एक तृतीयांश स्टॉप गडद आला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). इथे बरेच जण लेन्स दुरुस्तीला टाकतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा बिघाड नसतोच. आयएसओचा आकडा ठरवण्याच्या ज्या पद्धती आयएसओ 12232 या मानकात आहेत, त्यातली एक कंपनीला आपल्या अंदाजाने आकडा सुचवण्याची मुभा देते. एफचा आकडाही फक्त भोकाचं माप सांगतो, काचांनी किती उजेड गिळला ते नाही. सिनेमाच्या लेन्सवर म्हणूनच टी-स्टॉप, म्हणजे खरोखर पार होणाऱ्या उजेडाचा आकडा, लिहिलेला असतो.

नवरीच्या मामांना मी बोहोल्यावर उभं केलं आणि चेहऱ्याच्या उंचीवर 18 टक्के उजेड परत पाठवणारं राखाडी कार्ड, म्हणजे ग्रे कार्ड, धरायला दिलं. मामांनी ते अगदी मनापासून, न हलता धरलं. कार्डाने चौकट भरून दोघांनी फोटो काढले आणि हिस्टोग्राममधलं, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखातलं, टोक एकाच जागी येईपर्यंत सहकाऱ्याने शटर सावकाश केलं. तो थांबला 1/160 वर, मी 1/200 वरच राहिलो. आकडे वेगळे, उजेड सारखा.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या. त्या सगळ्या वेळात आम्ही दोघांनी सेटिंगला हात लावला नाही. नंतर मांडवाची बाजू उघडून दुपारचं ऊन आत आलं, तेव्हा मामांना पुन्हा कार्ड धरायला बोलावलं.

अल्बममध्ये त्या क्षणाचे दोघांचे फोटो एकाच पानावर आहेत. कातडीचा रंग जुळवायला मला बराच वेळ बसावं लागलं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, मात्र जसं होतं तसंच ठेवलं.