कवळी लावल्यावर बदललेला आकडा

धुळ्यात आमच्या फिजिओथेरपी विभागात ‘दम लागतो’ म्हणून येणाऱ्याच्या पिशवीत जाडजूड फाइल असतेच. साक्री तालुक्यातल्या ६८ वर्षांच्या आप्पांकडेही होती. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनिया, १९ दिवस खाटेवर. आता एक्स-रे साफ, टूडी इको ठीक, ऑक्सिजन ९७, स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत, अडथळा नाही. तरी श्वासाचा पंप चालू.

“दोन पावलं चालनू का दम लागस, मॅडम.”

मला खटकलं ते त्यांचं उठणं. दोन्ही हात मांड्यांवर रेटून ते खुर्चीतून उठले, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला मुलाकडे दिलं. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये हातापायांच्या ताकदीचा एकही आकडा नव्हता. छातीचा पेशंट म्हटला की मांडीला कोणी हातच लावत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

वजन ४८ किलो. पोटरीचा घेर २९ सेंटिमीटर. आशियाई निकषांत पुरुषांसाठी ३४ च्या खाली कमी धरतात. हाताची पकड १९ किलो, तिथे रेषा २८ ची. खुर्चीतून पाच वेळा उठबस १२ सेकंदांच्या आत व्हावी लागते. आप्पांना हात न टेकता एकदाही उठता येईना.

डायफ्राम, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा, हाही मांडीसारखाच स्नायू. ताप, पडून राहणं, अर्धपोटी जेवण यांनी मांडी झिजते तेव्हा तो सहसा वाचत नाही. म्हणून श्वास ओढण्याचा जोर, एमआयपी, मोजायला घेतला. छातीतली हवा पूर्ण सोडायची, मग नळीतून जीव लावून ओढायचं आणि निदान दीड सेकंद धरायचं. नळीला दोन मिलिमीटरचं बारीक छिद्र असतं. ते नसेल तर माणूस गाल आत ओढून खोटा दाब तयार करतो. मध्ये मिनिटभर विश्रांती. आकडे (सेंटिमीटर पाण्याच्या दाबात) आले २४, २६, २५. तिन्ही जुळले म्हणून मी लिहूनही टाकले.

मग आप्पा मुलाशी बोलले आणि बोळकं दिसलं. कवळी पिशवीत होती. ओठांच्या कडेने हवा आत शिरत होती, तीही दर वेळी सारखीच. कवळी लावून, ओठ बोटांनी दाबून धरायला लावले: ३३, ३६, ३८, ३७. आकडे एकमेकांशी जुळले म्हणजे खरे असतात असं नाही, हे त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. ३८ सुद्धा कमीच. पुरुषात ८० च्या आसपास आला तरच कमजोरीची शंका सोडता येते. श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामाचा भार मी या आकड्याच्या तीस टक्क्यांवर ठरवते. २६ धरून तीस टक्के काढले असते तर भार आठाच्याही खाली गेला असता, आणि ज्यातून भाराविरुद्ध श्वास ओढायचा त्या आमच्या स्प्रिंगच्या यंत्राची सुरुवातच ९ पासून आहे.

यंत्र ११ वर लावलं. सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०, नाकाला चिमटा, दर आठवड्याला जमेल तसा भार वाढवायचा. चक्कर आली की थांबायचं. घरी तीन बॉलचं यंत्र होतंच, ते सगळ्यांनाच देतात. ते फुप्फुस फुलवायला ठीक आहे. त्यात ठरावीक भार नसतो, त्यामुळे स्नायूची ताकद वाढवण्यावर विसंबायला ते कामाचं नाही. हे प्रत्येक घरी नव्याने सांगावं लागतं.

पायांसाठी उंच खुर्चीवरून उठबस, दहादहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. उशी घालून खुर्ची उंच केली, मग आठवड्यागणिक उशी पातळ. जेवणात दात नाहीत म्हणून दुधात कुस्करलेली भाकरी, एवढंच चाललं होतं. मूत्रपिंड ठीक आहे ना हे क्रिएटिनिनवरून बघून दिवसाला सुमारे ५८ ग्रॅम प्रथिनांचं गणित मांडलं. आप्पा माळकरी, अंडं नाही. मग घट्ट वरण, दाण्याचा कूट, दही, पनीर.

आठ आठवड्यांनी एमआयपी ५२. हात न टेकता पाच उठबशा १६ सेकंदांत. “वट्टावर हात न टेकता चढनू,” असं आप्पांनी स्वतःहून सांगितलं. पकड मात्र १९ वरून जेमतेम २०.

मी अडकले आहे ती इथे. कापूस वेचणीत दहा दिवस यंत्र कपाटात पडून होतं, उठबशा मात्र चालू होत्या; आणि दम त्याच दिवसांत सगळ्यांत जास्त कमी झाला असं सून सांगते. पटण्यासारखं आहे. कमजोर मांडी थोड्याच कामात थकते, आम्ल लवकर साठतं, श्वास जास्त मागते. आणि ती मागणी पुरवायला श्वासाचे स्नायूही कमजोरच. मांडी सुधारली की मागणीच घटते. शिवाय ३८ चा ५२ होण्यात सरावाने तंत्र जमण्याचा वाटा किती, हेही वेगळं काढता येत नाही. मी तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या होत्या.

पुढची तपासणी चार आठवड्यांनी आहे. तोवर यंत्राचा भार आहे तिथेच ठेवला आहे, वाढवायची फक्त उठबस. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय: मोजणीआधी कवळी.