पंचवीस मैल, जाऊन-येऊन

चैत्र पौर्णिमेला सहा जण मिळून मुंबईहून बोट करून गळाने मासेमारीला गेलो होतो. त्याला आता दहा दिवस झाले. उन्हाने सोललेलं नाक बरं झालं, राग काही उतरलेला नाही. एप्रिलमध्ये अशीच बोट ठरवायचा कुणाचा विचार असेल, तर आधी हे वाचा.

बोलणं सगळं फोनवर झालं होतं. एजंटचे शब्द जसेच्या तसे: "पंचवीस मैल बाहेर, सुरमई गॅरंटी, चोवीस हजारात सगळं." त्याने पाठवलेल्या फोटोंत निळंशार पाणी आणि हातभर सुरमया. तारीखही त्यानेच सुचवली. पौर्णिमेला मासा वेड्यासारखा लागतो म्हणे. बायको म्हणाली, हनुमान जयंतीला कोण मासे मारायला जातं? मी हसण्यावारी नेलं. देवधर्माचं बाजूला ठेवलं तरी भरती-ओहोटीच्या हिशेबाने तिचंच बरोबर होतं, हे नंतर कळलं.

पहाटे सव्वापाचला भाऊच्या धक्क्यावर पोहोचलो, तर ऐन सुकती, म्हणजे ओहोटीचं पाणी पार खाली गेलेलं. बोट पायऱ्यांच्या बरीच खाली. पायऱ्यांवर शेवाळ, त्यावर डिझेलचा तवंग. रॉड, आइसबॉक्स आणि पोटं सुटलेले दोन मित्र एवढं सगळं खाली उतरवायला वीस मिनिटं गेली. रबरी चपला घालून येऊ नका. पकड असलेले बूट घाला, आणि ते भिजणार हे धरून चाला. आधारकार्ड मूळ लागतं, फोनमधलं दाखवून आमच्यातल्या एकाची पाच मिनिटं हुज्जत झाली. नौदलाच्या बाजूला कॅमेरा वळवू नका. सगळ्यांना माहीत असतं, तरी एक जण वळवतोच.

साडेपाचला निघालो. भरती नुकतीच सुरू झालेली, म्हणजे पाणी बंदरात शिरतंय आणि आम्ही बाहेर निघालोय. लाकडी बोट, आठ नॉटच्या, म्हणजे तासाला आठ सागरी मैलांच्या, वर काही जाईना. प्राँग्जचं दीपगृह मागे पडलं, उजाडलं, चहा झाला. पाणी मात्र अजून चहाच्याच रंगाचं. बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांना विचारलं, "काका, निळं पाणी कधी?" ते म्हणाले, "येईल पुढं." पुढं आलं ते अलिबागजवळचं किहीम. डावीकडे किनाऱ्यावरची सुरूची झाडं वेगवेगळी मोजता येत होती, समोर दक्षिणेला खांदेरीचं दीपगृह स्पष्ट दिसत होतं. साडेसातला इंजिनाचा आवाज उतरला. खलाशी म्हणाला, "लावा गळ."

फोनमधलं जीपीएस उघडलं. धक्क्यापासून साडेबारा मैल. नॉटिकल, म्हणजे १,८५२ मीटरचा एक. आणि सगळ्यात जवळचा किनारा? अडीच मैल. दाजींना तर पूर्ण रेंज होती. त्यांनी तिथूनच ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि 'खोल समुद्रातून' बोलतोय म्हणून सांगितलं. ताईला मागे किनारा दिसत होता.

एजंटला फोन लावला. (रेंज होतीच.) त्याचं उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही: "साहेब, पंचवीस मैल जाऊन-येऊन."

साडेबारा दुणे पंचवीस. माणसाचा हिशेब चोख. चूक माझी, कारण पंचवीस मैल कुठून आणि कुणीकडे, हे मी विचारलंच नव्हतं. त्यातून किनाऱ्याला समांतर दक्षिणेला जाणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. धक्क्यापासून चाळीस मैल गेलात तरी किनारा अडीच मैलांवरच राहू शकतो. म्हणून मैल विचारूच नका. वाव विचारा. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं. कोळी माणूस पाणी वावांतच मोजतो आणि वावांत सहसा खोटं बोलत नाही. पटत नसेल तर शिसं बांधून तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) खाली सोडा आणि वर ओढताना हातांनी मोजा. मी मोजली. चार वाव भरली. खलाशाचा पोरगा शेजारीच उभा होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "चार हाय. सुरमईला दहा-बारा तरी पायजेल." पोराला माहीत होतं, तांडेलकाकांना माहीत होतं, एजंटला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पैसे देणाऱ्या सहा जणांना.

मुंबईसमोरचा समुद्र मुळात उथळ आहे. दीडशे किलोमीटरांहून लांब असलेल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रातसुद्धा पाणी पंचाहत्तर मीटरच्या आसपास भरतं. तेव्हा किनाऱ्यालगत अडीच मैलांवर खोल समुद्र मिळेल ही अपेक्षाच चुकीची. खोली हवी असेल तर पश्चिमेला बाहेर पडायचं. दक्षिणेला कितीही घासत गेलात तरी उपयोग नाही. जाऊन-येऊन वेळ लागतो, डिझेल लागतं आणि पैसेही लागतात. ते सरळ सांगावं की.

आता तिथीचं. उधाण आणि भांग हे शब्द शाळेच्या भूगोलात होते, तेव्हा नीट वाचायला हवे होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात मोठी, ओढ सगळ्यात जास्त, आणि आपल्या खाडीचा सगळा गाळ ढवळून वर. अशा पाण्यात सुरमईला आमिष दिसणार कसं? ती नजरेने शिकार करते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. ओढ मंद, गाळ खाली बसतो, पाणी किनाऱ्यापासून थोडं बाहेर निवळतं. भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सव्वापाचला. म्हणजे आम्ही धक्क्यावर घसरत होतो ती वेळ बरोबर. थोडंफार मागेपुढे होतं, पण एजंटच्या सल्ल्यापेक्षा हा हिशेब खात्रीचा. अष्टमी-नवमीला जा. पौर्णिमेला जायचं असेल तर घरच्या गच्चीवर जा.

मासे? दोन शिंगाळे आणि वीतभर हेकरू. हेकरू परत सोडला. सकाळी नऊच्या सुमारास ट्रोलिंगच्या, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत न्यायच्या, एका रॉडवर काहीतरी जोरात लागलं, रीळ किंचाळलं आणि तीन सेकंदांत लाइन ढिली. ओढून पाहिलं तर लीडर, म्हणजे गळाजवळचा लाइनचा शेवटचा तुकडा, साफ कापलेला. भाड्याच्या रॉडला तारेचा लीडरच नव्हता, नुसता तंगूस. सुरमईच्या दातांपुढे तंगूस म्हणजे शेवई. असेल तर स्वतःचंच सामान न्या. तारेचे लीडर आणि चांगले स्विव्हल (लाइनला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या) तर न्याच. बोटीवरच्या रॉडवर विसंबू नका. तो मासा सुरमईच होता का, यावर आम्हा सहा जणांत अजून वाद चालू आहे. माझ्या मते होतीच.

शिंगाळा गळातून काढताना दाजींच्या अंगठ्यात काटा गेला. पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांना विषारी काटे असतात. कळ कोपरापर्यंत गेली, माणूस पांढराफटक. चहासाठी थर्मासमध्ये गरम पाणी होतं, त्यात सोसेल एवढं गरम ठेवून अंगठा अर्धा-पाऊण तास बुडवला, तेव्हा उतार पडला. शिंगाळ्याला हात लावू नका, पक्कड वापरा. थर्मास मात्र न्याच.

साडेबारापर्यंत काही लागलं नाही. पहाटेचा मतलई वारा कधीच पडला होता आणि वायव्येकडून खारा वारा सुरू झाला होता. एप्रिलमध्ये दुपारी तो येणारच, तो काही कुणाचा दोष नाही. दोष हा की दोन वाजेपर्यंत कुणी नांगर उचलला नाही. बारापासून ओहोटी, म्हणजे बंदराचं सगळं पाणी बाहेर निघालेलं, वारा त्याला आत ढकलतोय, आणि मधे आमची बोट. लाटा मोठ्या नव्हत्या, पण आखूड आणि उभ्या. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जायची आणि पाण्यावर थपकन आपटायची. किहीमपासून प्राँग्जपर्यंत आठ मैलांना सव्वादोन तास लागले. चौघांनी ओकून घेतलं. मी पाचवा. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते, लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी लगेच समुद्रात जाते. परतीची वेळ आधीच ठरवून घ्या: साडेअकराला तोंड उत्तरेला. मासा लागत असला तरी.

मी तिथे एका गोष्टीवर चिडलोच. नऊ माणसं आणि लाइफजॅकेटं पाच, त्यातल्या दोघांचे पट्टे तुटलेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली, तरी ही तऱ्हा. चढण्याआधी जॅकेटं स्वतः मोजा, कमी असतील तर चढू नका. बोटीला माणसं न्यायचा परवाना आणि विमा आहे का ते विचारा, नुसत्या मच्छीमार बोटीच्या नोंदणीवर पाहुणे नेता येत नाहीत. तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये साठवून ठेवा आणि बोटीवर वायरलेस चालू आहे का ते निघण्याआधी ऐकून घ्या. खरंच बाहेर गेलात तर फोन चालणार नाही.

संध्याकाळी पाचला धक्का. पुन्हा ओहोटी, पुन्हा तेच शेवाळ, आणि आता पाय लटपटतायत. वर चढलो तर एजंट बिल घेऊन उभा. चोवीस हजार, ते ठरलेलंच होतं. डिझेल वेगळं, १०५ लिटर, ९,४५०. चारा आणि बर्फ १,८००. जेट्टी ६००. खलाशांना चहापाणी १,०००. एकूण ३६,८५०.

'सगळं' या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी बोट एवढाच होता. डिझेलवर मात्र मी अडलो. खलाशाच्या पोरानेच दुपारी सांगितलं होतं की इंजिन तासाला दहा लिटर खातं. जाताना दोन तास, ट्रोलिंग दीड, येताना तीन. साडेसहा तास, पासष्ट लिटर, नव्वदच्या दराने ५,८५०. तो म्हणाला, लाटांमुळे जास्त लागलं. चाळीस लिटर जास्त? मी येताना लाटांत काय केलं ते मला माहीत आहे, चाळीस लिटर त्यातही नसतील. पाऊण तास वाद झाला. शेवटी त्याने दोन हजार सोडले आणि मी सोडून दिलं, कारण दाजींचा अंगठा ठणकत होता आणि डोंबिवलीची गाडी पकडायची होती. मला तेव्हा नीट उभंही राहता येत नव्हतं. भांडायची वेळ बोटीत चढण्याआधीची असते. व्हॉट्सॅपवर एका ओळीत लिहून घ्या: किती वाव, किनाऱ्यापासून किती मैल, डिझेल-चारा-बर्फ-जेट्टी धरून किती, परत किती वाजता. लिहून देत नसेल तर दुसरा बघा.

परवा वद्य अष्टमीला पुन्हा गेलो. आदल्या संध्याकाळी रो-रोने मांडव्याला, रात्री थळला मुक्काम, पहाटे भरतीवर तिथल्याच परवान्याच्या बोटीने पश्चिमेला बारा वावांवर. डिझेलसकट एकवीस हजार, पाणी हिरवट-निळं, दोन सुरमया, मोठी साडेपाच किलोची, दुपारी बाराला किनाऱ्यावर. छान झालं. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एवढंच की १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि मेच्या मध्यानंतर वारा सकाळपासूनच उठतो, तेव्हा हातात आता फारतर दोन अष्टम्या आहेत. पौर्णिमेचे दोन शिंगाळे दाजींनी घरी नेले. ताईने ३४,८५० भागिले दोन केलं आणि एक फ्रीजरमध्ये टाकला. म्हणाली, एवढा महाग मासा एका दिवशी संपवायचा नसतो.