तुम्ही विचारलंत म्हणून: हवेत इंजिन बंद पडलं तर?

मी आत्याबरोबर छोट्या विमानातून फिरून आलोय हे कळलं, की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. वरून कसं दिसलं, हे कुणाला नको असतं. 'एकच इंजिन? आणि ते बंद पडलं असतं तर?' विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं: थेट खाली. मला मात्र दुसरं उत्तर द्यावं लागतं, कारण त्या फेरीत आत्याने इंजिनाची ताकद काढून घेऊन दाखवली होती.

आत्याने आयुष्यभर लोकांना विमान चालवायला शिकवलं. आता नोकरी संपली, लायसन्स चालू आहे. तिच्या हाताखालून गेलेले कितीतरी जण आज मोठी जेट उडवतात. तिला स्वतःला त्यांचं अप्रूप नाही. 'उडताना खिडकी उघडता येत नाही त्यात,' एवढंच म्हणते. आमचं विमान होतं सेसना 172. हे 1956 साली बाजारात आलं आणि आजवर 44,000 पेक्षा जास्त बनली. पंख डोक्यावर, जागा चौघांची, आणि पुढच्या दोघांचे खांदे एकमेकांना लागतात.

बसलो आणि निघालो, असं काही झालं नाही. आत्या आधी पंखाखाली वाकली, टाकीच्या तळाची छोटी झडप दाबून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढलं आणि ती नळी उजेडासमोर धरून बघत राहिली. विमानाच्या पेट्रोलला ओळखण्यासाठी निळा रंग दिलेला असतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते आत शिरलं असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. दिसला नाही, तरी तिने दुसऱ्या बाजूचंही काढून बघितलं. मग पंखावर चढून टाकीत मोजपट्टी बुडवली. आत काटे आहेत की, मी म्हटलं. 'काटे आहेत. मी पण आहे,' ती म्हणाली.

धावपट्टीच्या तोंडाशी तिने इंजिनाचा वेग वाढवून मॅग्नेटो तपासले. ठिणगी देणारे हे दोन स्वतंत्र संच असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. एक संच बंद केला की फेरे थोडे उतरतात, इंजिन चालूच राहतं. विमानाची बॅटरी मेली तरी मॅग्नेटोंना फरक पडत नाही. ते इंजिनाच्या फिरण्यावरच वीज तयार करतात. मग ती समोर बघत मोठ्याने बोलली, 'वर जाताना लगेच इंजिन गेलं, तर नाक खाली आणि समोर मिळेल तिथे उतरायचं. मागे वळायचं नाही.'

'कुणाला सांगतेस?'

'मलाच. तेव्हा ठरवत बसायला वेळ नसतो.'

मागे वळायचं नाही, हे मला विचित्र वाटलं होतं. सुरक्षित धावपट्टी तर पाठीमागेच असते! पण वळताना उंची झपाट्याने जाते, कारण पंख तिरके झाले की त्यांच्या उचलीचा काही भाग वळण्यात खर्च होतो. त्यात माणूस घाबरून नाक वर ओढतो, वेग पडतो आणि पंख हवा सोडतो, म्हणजे विमानाला उचलून धरेनासा होतो. पायलट याला स्टॉल म्हणतात. जमिनीपासून थोड्याच उंचीवर तो झाला, तर सावरायला जागा उरत नाही. समोरचं साधं शेत बरं.

वर हवा शांत होती. आत्या गप्पा मारत होती, पण दर मिनिटा-दोन मिनिटांनी तिची नजर खाली जायची. आधी मला वाटलं, देखावा बघतेय. तीन हजार फुटांवर तिने सांगितलं, 'आता दाखवते.' पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ ओढली आणि इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल पूर्ण मागे घेतला.

मला वाटलं होतं तशी शांतता झाली नाही. पंखा हवेच्या जोरावर सावकाश फिरत राहिला आणि बाहेरच्या वाऱ्याचा आवाज एकदम कानात भरला. 'तू धर,' ती म्हणाली. अशा वेळी हात आपोआप मागे ओढायला जातो, आणि करायचं असतं नेमकं उलटं. नाक खाली सोडायचं आणि वेग 65 नॉट, म्हणजे तासाला साधारण 120 किलोमीटर, धरून ठेवायचा. उतारावर पायडल न मारता सायकल सोडावी तसं आहे हे. इथे उतार म्हणजे तुमची उंची. वारा नसेल तर हे विमान एक फूट खाली येताना जवळपास नऊ फूट पुढे जातं. तीन हजार फुटांवरून आठेक किलोमीटर, आणि हातात चारेक मिनिटं.

चार मिनिटं ऐकायला कमी वाटतात. आत्याने त्यात मला बरंच काही दाखवलं: वारा कुठून येतोय हे धुरावरून कसं ओळखायचं, विजेच्या तारा वरून दिसत नाहीत म्हणून खांब कसे शोधायचे, नांगरलेलं शेत असेल तर सरींच्या दिशेनेच का उतरायचं. मधूनमधून ती थ्रॉटल क्षणभर पुढे करून परत मागे घेत होती, इंजिन फार थंड पडू नये म्हणून. आम्ही कुठे जाणार आहोत, हे तिने थ्रॉटल ओढण्याआधीच ठरवलं होतं. 'बघ, ते झाडं नसलेलं.' मग माझ्या लक्षात आलं, ती गप्पांच्या मधे खाली का बघत होती. एक शेत मागे पडलं की पुढचं निवडायचं, हे तिचं अखंड चालू होतं. जमिनीपासून सुरक्षित उंचीवर असतानाच तिने पुन्हा पूर्ण ताकद दिली आणि आम्ही वर चढलो.

मोठ्या विमानांचंही हेच असतं, हे तिनेच नंतर सांगितलं. 1983 मध्ये एअर कॅनडाचं बोइंग 767 इतक्या वर होतं की खालची गावं ठिपके दिसावीत, आणि तिथे त्याचं इंधन संपलं. भरताना किलो आणि पौंड यांचा घोळ झाला होता. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चालवणारे होते. त्यांनी दोन्ही इंजिनं बंद असलेलं ते विमान गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे वाचले.

कार्ब्युरेटरची गरम हवा कशाला, हेही विचारलं होतं मी. आत पेट्रोलची वाफ होताना आणि हवेचा दाब पडताना तापमान इतकं उतरतं, की बाहेर वीस अंशांच्या वर उकडत असलं तरी दमट हवेत आत बर्फ धरू शकतो. छान ऊन असलेल्या दिवशी इंजिन बर्फाने गुदमरतं, हे मला अजूनही पटायला जड जातं.

तुमचा प्रश्न मी आत्याला सांगितला होता. तिला तो फारसा आवडला नाही. 'इंजिन आपणहून कमी वेळा बंद पडतं, माणूसच त्याला उपाशी ठेवतो. टाकी न बघता निघतो, नाहीतर चुकीच्या टाकीवर चालवतो,' ती म्हणाली. तिला खरी धास्ती ढगांची. ज्याला बाहेर न बघता नुसत्या समोरच्या काट्यांवर उडण्याचं शिक्षण नाही, तो ढगात शिरला की कानातला तोल त्याला फसवतो. विमान वळत असतं आणि त्याला वाटतं, आपण सरळ चाललोय. त्यानंतर पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा ढग खाली उतरलेले होते. मी सुट्टी टाकून आलो होतो, बऱ्यापैकी कुरकुरलो. आत्याने विमानावर आच्छादन घातलं, दोरे बांधले आणि मला परत पाठवलं.